वाड्याला वाटा किती होत्या? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

घरात कुत्रा असताना नवी मांजर कशी आणावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातली एक गोष्ट मनाला लागली. तुमच्या लेकीने माझा लेख वाचून मांजर आठ दिवस बेडरूममध्ये बंद ठेवली आहे. ती रात्रभर दाराशी ओरडते, बाहेर त्यांचा सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर दाराच्या फटीला नाक लावून बसतो आणि घरात कुणालाच झोप नाही. पुढे तुम्ही लिहिलंय, "वाईजवळच्या आमच्या वाड्यात कुत्री-मांजरं एकत्रच वाढली. चार दिवस फिसकारली, एकदोन पंजे बसले, मग एकाच पोत्यावर झोपायला लागली. मुक्या जिवाला कोंडायची ही फॅडं कुठून आणलीत?"

तुमचा वाड्याचा अनुभव खरा आहे. माझ्या आजोळी, चिपळूणकडे, मीही हेच पाहिलंय. पण त्या घरांना वाटा किती होत्या ते आठवून बघा. माळा, कौलं, परसदार, गोठा, लाकडांची रास, अंगणातलं आंब्याचं झाड. आजोळचा कुत्रा अंगणात नाहीतर ओटीवर असायचा, उंबरा ओलांडून माजघरात यायची त्याला मुभा नव्हती. मांजर चुलीपाशी. दोघांची गाठ पडायची ती मांजरीच्या मर्जीने, आणि नको वाटलं की दोन उड्यांत ती माळ्यावर. मी लेखात जे सांगितलं, म्हणजे वेगळी जागा, मधली जाळी, चढून बसायला उंची, ते सगळं त्या घरात बांधतानाच आलेलं होतं.

शिवाय तिथली मांजरं बहुतेक त्याच घरात जन्मलेली. मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार महत्त्वाचे असतात. आपलं कोण आणि परकं कोण, याचा बराचसा हिशेब ते तेव्हाच मांडतं. कुत्र्याच्या पिल्लाचा हा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत चालतो. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि मांजर दोन्ही पाळणारी घरं अभ्यासली होती. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की लहान वयात गाठ पडली तर चांगलं जमतं, आणि मांजर आधीपासून घरात असेल तर आणखी सोपं जातं. तुमच्या लेकीकडे नेमकं उलटं आहे. कुत्रा मोठा, घर त्याचं, आणि मांजर नंतर आलेली.

आणि काका, ज्यांचं जमलं नाही ती मांजरं आपल्याला आठवतच नाहीत. ती निघून जायची. "मांजर सात घरं फिरतं" म्हणत आपण तो विषय सोडून द्यायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या, एकच दार आणि खिडक्यांना जाळ्या असलेल्या फ्लॅटमधून ती कुठे जाणार?

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2014 मध्ये आमच्याकडे मनी आली तेव्हा मी तुमच्याच मताची होते. रविवारी संध्याकाळी तिची टोपली हॉलमध्ये ठेवली आणि झाकण उघडलं. काळू तेव्हा चार वर्षांचा होता, गल्लीतली लहान मुलंही त्याच्या अंगावर लोळायची. तो भुंकला नाही. तोंड मिटून, कान पुढे करून, एक पाय किंचित उचलून तिच्याकडे बघत राहिला आणि मला वाटलं, किती शहाणा आहे! पुढच्या क्षणी त्याने झेप घेतली. मनी वॉशिंग मशीनच्या मागे शिरली, तो नाक घालत राहिला आणि तिने त्याच्या डोळ्यावर पंजा मारला. बुबुळावर ओरखडा गेला. डॉक्टरांनी डोळ्यात रंग घालून जखम दाखवली, दहा दिवस थेंब आणि गळ्यात कॉलर. मनी त्या मशीनमागून अडीच दिवस निघाली नाही, काही खाल्लं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून जिवावर बेततं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती वाचली, पण आमच्या घरात पुन्हा कधी मोकळेपणाने वावरली नाही. शेवटी आत्याकडे गेली आणि तिथे सुखाने राहिली. काळूची ती स्तब्ध नजर मला वाचता आली नाही याचं दुःख अजून आहे. भुंकणारा, उड्या मारणारा कुत्रा आवरता येतो. लाकडासारखा ताठ होऊन टक लावणारा कुत्रा शिकारीच्या तयारीत असतो.

आता तुमचं काय बरोबर आहे ते सांगते, कारण ते बरंच आहे. मी "पंधरा दिवस वेगळी खोली" असा आकडा दिला, तो द्यायला नको होता. दिवस मोजून काही कळत नाही. आमच्या आताच्या चिंगीला नऊ दिवस पुरले, बहिणीच्या बोक्याला दोन महिने लागले. आणि त्या खोलीत माणसाने किती वेळ बसायचं, हे मी लिहिलंच नाही. ती चूक माझी. माणसाविना बंद खोली ही खरोखर कोठडी होते, आणि तुमच्या लेकीकडची मांजर रात्रभर तेच सांगते आहे.

म्हणून आजपासून घरातल्या कुणीतरी त्या खोलीत झोपावं. झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं दोरीला चिंधी बांधून तिला पळवावं आणि मग लगेच जेवण द्यावं. शिकार, जेवण, झोप हा मांजराचा क्रम आहे. खोलीत कपाटाच्या वर एक जुनी गोधडी घालावी. मऊ फडक्याने तिचे गाल पुसावेत, मांजराच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात. ते फडकं कुत्र्याच्या जेवणाच्या भांड्याशेजारी ठेवावं आणि त्याच्या अंथरुणाचा तुकडा हिच्या खोलीत.

कुत्र्यावर अन्याय होतो हेही तुमचं म्हणणं मला पटलं. सहा वर्षं ज्याचं घर, त्याला अचानक एका दाराबाहेर ठेवलं जातं. त्याला आधी लांब फिरवून आणा, दमू द्या. दाराकडे बघून त्याने मान वळवली की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा, बिनमिठाचा. मांजर आली की आपल्याला चांगलंचुंगलं मिळतं, एवढं त्याच्या डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. ओरडू नका, नाहीतर मांजराच्या वासासोबत ओरडाही त्याच्या लक्षात राहील.

पुढे कधी जायचं हे मांजराच्या वाटीवरून ठरवा. दाराबाहेर कुत्र्याचा आवाज येत असताना ती शांतपणे जेवते का? जेवत असेल तर दाराला जाळी लावा आणि दोघांना दोन्हीकडे लांब-लांब जेवायला द्या, रोज वीतभर जवळ. वाटी सोडून ती पलंगाखाली गेली तर दोन दिवस मागे या. समोरासमोर आणाल तेव्हा कुत्र्याचा पट्टा हातात, आणि मांजर मोकळी. तिला कडेवर घेऊन त्याच्यापुढे धरू नका, हे तर कृपा करून नकोच.

मांजराचा शी-शूचा ट्रे कुत्र्याला पोचता येणार नाही असा ठेवा. तिथे तिची वाट अडली तर मांजर लघवी धरून ठेवतं. बोका असेल तर ताणाने लघवी तुंबते आणि एका दिवसात जिवावर येतं.

आणि एक, जे मी लेखात लिहायला हवं होतं. लॅब्रॅडॉरला गोचिडांसाठी मानेवर थेंब लावत असाल तर बाटलीवर 'परमेथ्रिन' लिहिलंय का बघा. कुत्र्याला ते चालतं, मांजराला ते विष आहे, तिचं यकृत ते पचवू शकत नाही. दोघं एकमेकांना चिकटून झोपू लागल्यावर हा धोका वाढतो. आपल्या डॉक्टरांकडून दोघांनाही चालेल असं औषध मागून घ्या.

मूळ लेखातला पंधरा दिवसांचा आकडा मी आज काढते आहे आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करते आहे. लेकीला विचारून एवढं कळवा, की काल रात्री मांजर जेवली का, आणि तेव्हा कुत्रा कुठे होता.