सॉकेटला टूथब्रश लावू नका

गेल्या रविवारी सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, पीसी सुरू होतोय, पण ३२ पैकी १६ जीबीच रॅम दिसतेय. दोन्ही रॅम अदलाबदल करून बघितल्या, तरी तेच." काय उद्योग केलास म्हणून विचारलं तर आधी बोलेचना. मग हळूहळू बाहेर आलं. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर काढून साफसफाई करताना थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात तो लेप) सॉकेटात, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेत, पडली होती, आणि ताईने फॅमिली ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ बघून त्याने सॉकेट घासून काढलं होतं.

तो व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर फिरत असेल. त्यात म्हटलंय: पेस्टचा कण जरी सॉकेटमध्ये गेला तरी मदरबोर्ड जळतो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा सॅनिटायझर घ्या, जुन्या टूथब्रशने सॉकेट घासा, कापसाच्या काडीने पुसा, हेअर ड्रायरने वाळवा. नवी पेस्ट भरपूर लावा, दर सहा महिन्यांनी बदला. आणि शेवटी, "दुकानदार हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत."

नाहीच सांगणार. मी स्वतः अठरा वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतेय, आणि असला सल्ला मी कुणाला देणार नाही.

सगळ्यात आधी टूथब्रश, कारण खरं नुकसान तिथेच होतं. इंटेलने २००४ साली एलजीए ७७५ सॉकेट आणलं तेव्हापासून त्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरला पिना नसतात, त्या सॉकेटात असतात. प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीने, एएमडीने, २०२२ मध्ये एएम५ सॉकेट आणताना तेच केलं. भाच्याच्या बोर्डावर एलजीए १७०० आहे. नावातला आकडा म्हणजेच पिनांची संख्या. तळहातावर मावेल एवढ्याशा जागेत १७०० पिना! आणि त्या खिळ्यांसारख्या ताठ उभ्या नसतात. प्रत्येक पीन म्हणजे तिरकी वाकवलेली, केसाएवढी बारीक पट्टी. तिचं टोक मोकळं असतं. वरून प्रोसेसर बसला की ती स्प्रिंगसारखी दबते आणि त्याच्या खालच्या ठिपक्याला टेकून राहते. दाब सरळ वरून आला तर ती वर्षानुवर्षं टिकते. बाजूने मात्र एक केसही अडकला तरी वाकते. टूथब्रशमध्ये असे शेकडो केस असतात, आणि कापसाच्या काडीचे तंतू तर टोकाला गळासारखे अडकतात.

घरी बघायचं असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून रिकाम्या सॉकेटाकडे बघा. हात लावू नका, नुसतं बघा. सगळ्या टोकांवरून एकसारखी चमक सरकत जाते. जिथे पीन वाकलेली असते तिथे त्या चमकेत भोक पडतं. भाच्याने पाठवलेल्या फोटोत एका कडेला अशी तीन भोकं होती, आणि एका पिनेच्या टोकाला पांढरा तंतू लोंबत होता. रॅम गायब का झाली ते तिथेच कळलं. रॅम सांभाळणारा कंट्रोलर हल्ली प्रोसेसरच्या पोटात असतो. त्याच्या तारा या पिनांमधूनच रॅमच्या स्लॉटपर्यंत जातात. त्यातली एक जरी तुटली तरी अख्खं चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला एक रस्ता, बंद पडू शकतं, आणि माणूस बिचारा रॅम बदलत बसतो.

वॉरंटीत बदलून मिळेल, या आशेवर राहू नका. आसुसच्या मदरबोर्डसोबत येणाऱ्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे की प्रोसेसर चुकीचा बसवल्याने किंवा काढल्याने सॉकेटच्या पिना खराब झाल्या तर ते वॉरंटीत बसत नाही. शिवाय सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड परत पाठवताना ते सॉकेटवर लावलेलं असलं तरच तक्रार घेऊ, असंही त्यांनी बजावलंय. एका झाकणाबद्दल कंपनी एवढी काटेकोर आहे. टूथब्रशने घासलेलं सॉकेट ती बदलून देईल का?

आता "कण गेला तरी बोर्ड जळतो." यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. पेस्टऐवजी काही जण लावतात ते लिक्विड मेटल, म्हणजे गॅलियम धातूचं मिश्रण, वीज वाहतं. ते सॉकेटात गेलं तर शॉर्ट होणारच. अ‍ॅल्युमिनियमला लागलं तर ते त्यालाही खातं. चांदीचे कण असलेल्या आर्क्टिक सिल्व्हर ५ या पेस्टबद्दल बनवणारी कंपनीच म्हणते की ती वीज वाहत नाही, पण तिला थोडी कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याचा गुण) आहे, तेव्हा पिना आणि ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, यांच्यापासून लांब ठेवा. पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखाडी-पांढऱ्या पेस्ट वीज वाहत नाहीत. त्यांचा ठिपका सॉकेटच्या कडेला पडला तर काही जळत नाही. एएम५ प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणाला कडेने आठ खाचा आहेत, त्यात पेस्ट शिरतेच. दिसायला घाण दिसतं, बिघडत काही नाही. व्हिडिओवाल्याने आधी सगळ्यांना घाबरवलं आणि मग हातात ब्रश दिला, याचा मला खरा राग आहे.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं, वर तेल, रंग, सुगंध. अ‍ॅसिटोन कित्येक प्लास्टिक मऊ करतं आणि तेल मागे राहतं. सॅनिटायझरचं म्हणाल तर अल्कोहोलने पेस्ट निघते हे बरोबर आहे, तेवढा एक मुद्दा व्हिडिओवाल्याला देऊन टाकते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या सूत्रात आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के असतं, सोबत ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, उरलेलं पाणी. बाजारातलं बरंचसं तर जेल असतं. ग्लिसरीन हाताला बरं, पिनांवर त्याचा चिकट थर बसतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे 'आयपीए' म्हणून मागा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कुणीही देईल.

प्रोसेसरचं वरचं झाकण आणि कूलरचा तळ बिनधास्त पुसा. आयपीएत भिजवलेला, तंतू न सुटणारा कपडा घ्या आणि कडेकडून मध्याकडे या, म्हणजे पेस्ट खाली ओघळत नाही. प्रोसेसर सॉकेटात असतानाच पुसलेलं उत्तम, सॉकेट झाकलेलं राहतं. सॉकेटात साधी पेस्ट अगदी थोडी, पिनांपासून लांब पडली असेल तर सोडून द्या. पिनांच्या टोकांवर बसली असेल तर विजेची वायर काढा, बोर्ड बाहेर घ्या, उभा तिरका धरा आणि ड्रॉपरने आयपीए थेंबाथेंबाने सोडत ते खाली टिशूवर वाहू द्या. पाच-सहा वेळा करा. काही घासायचं नाही. मग रात्रभर वाळू द्या. हेअर ड्रायर नको, तो धूळ आत फुंकतो. एवढ्याने निघालं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवाल्यांचं उलटं आहे. तिथे १३३१ पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटात नुसती भोकं. तिथे भीती वेगळी. वाळलेल्या पेस्टने कूलर चिकटतो आणि ओढला की प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. आधी दहा-पंधरा मिनिटं पीसी चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

पेस्ट भरपूर लावा? मुळात तीच सॉकेटात सांडते! पेस्ट उष्णता वाहण्यात तांब्याच्या जवळपासही नाही. उष्णता वाहण्याचा आकडा (वॅट प्रति मीटर-केल्विन) तांब्याचा साधारण ४००, चांगल्या पेस्टचा ८-१०, हवेचा ०.०२६. धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खळग्यांतली हवा काढायला ती लागते, बस. मटाराच्या दाण्याएवढी पुरते. आणि सहा महिन्यांनी बदलायचं काही कारण नाही. तापमान पूर्वीपेक्षा वाढलेलं दिसलं तर बदला.

भाचा मंगळवारी बोर्ड घेऊन पुण्याला आला. भिंगाखाली सुईने दोन पिना जागेवर आणल्या. तिसरीचं टोक सुई लागताच गळून पडलं. ते चॅनेल गेलं, आता तो १६ जीबीवरच काम करतोय. पेस्टची सिरिंज त्याने सोबत आणली होती. लेबलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, वीज वाहत नाही.