सगळं सीवरच

आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हचा, म्हणजे विंडोज बसलेल्या भागाचा, बॅकअप म्हणजे रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून 'डिस्कवर जागा नाही' हे वाचत चहा प्यायचा. डी ड्राइव्ह मी वेगळा काढून दिलाय, त्याला 'डेटा' असं नावही दिलंय, पण तो आपला रिकामा आणि घरातली सगळी मंडळी सीमध्ये दाटीवाटीने. कारण प्रत्येकाला आपली फाइल डेस्कटॉपवरच लागते. डेस्कटॉप हा सीमधलाच एक फोल्डर आहे हे सांगून सांगून घसा बसला, पण बाबा म्हणतात, "अरे, मी कुठे सीवर ठेवलंय, समोर तर दिसतंय!"

म्हटलं आधी विंडोजच्या मागे लागू, ती निदान उलट बोलत नाही. पहिली सापडली हायबरनेशनची फाइल (हायबरनेट केलं की रॅममधलं सगळं हिच्यात उतरवून मशीन बंद होतं), रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हणजे आमच्या १६ जीबीवर सहा जीबीच्या वर. आमच्याकडे हायबरनेट कोण करतो, बटण दाबून थेट पंख्याबरोबर बंद! कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडला, 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ', एंटर, फाइल गायब. (फास्ट स्टार्टअपही जातं त्याच्याबरोबर, जाऊ दे.) आता बॅकअपची बरीच सॉफ्टवेअर ही फाइल तशीही सोडूनच देतात, त्यामुळे बॅकअप तसूभरही कमी होणार नव्हता, पण मनाला जे बरं वाटलं ते वाटलं.

मग विनएसएक्सएस, विंडोजच्या स्वतःच्या सुट्या भागांचं कोठार. हा फोल्डर दिसतो अवाढव्य, पण त्यातलं बरंचसं म्हणजे हार्ड लिंक, तीच फाइल दोनदा मोजलेली, आणि हाताने डिलीट करायला गेलात तर विंडोजच बसायची. नमस्कार करून पुढे निघालो.

पुढे खरं घबाड. 'नवीन फोल्डर', त्यात 'नवीन फोल्डर (२)', त्यात कोणाच्या तरी मुंजीचा व्हिडिओ. डाउनलोड्समध्ये एकच वीजबिल कंसातल्या आकड्यांसकट, कारण उघडलं नाही की बायको परत डाउनलोड करते. आणि बाबांची सुप्रभात. गुलाब, सूर्योदय, दत्तगुरू, परत गुलाब. "बाबा, हे काढू का?" "देवाचे फोटो डिलीट करतात का रे?"

वाद न घालता डेस्कटॉपच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो, लोकेशनचा टॅब, मूव्ह, आणि सगळं डीवर. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्सचंही तेच. डेस्कटॉप दिसायला तस्साच, कुणाला पत्ता नाही.

एवढी जागा मोकळी झाल्यावर सी लहान करायला गेलो तर विंडोजचा 'श्रिंक' म्हणतो जेमतेम एवढंच जमेल, कारण ड्राइव्हच्या शेवटाला पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती) आणि रिस्टोर पॉइंटांचं (विंडोजला मागच्या स्थितीत नेणाऱ्या नोंदींचं) सामान ठिय्या मारून, हलायला तयार नाही. दोन्ही बंद केलं, रीस्टार्ट, श्रिंक, परत चालू केलं. आता सीची इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची बॅकअप प्रत, एका सिनेमाच्या वेळात होते.

डीचा बॅकअप वेगळा, त्यात रोज नव्या फाइली तेवढ्या कॉपी व्हायच्या. आज झाल्या, सगळे गुलाबच होते.