माणसांना द्या की एवढी माया!

"माणसांना द्या की हो एवढी माया!" रस्त्यावरच्या कुत्र्याला पोळी घालणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. माया म्हणजे काय रेशनचं धान्य आहे, की इकडे दिली तर तिकडे कमी पडेल? एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच नाथांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या पोराला कडेवर उचलून घरी पोचवलं होतं.

तरीही काही जणांना जनावरंच जास्त जवळची वाटतात, हे खरं आहे. त्याला 'निःस्वार्थ प्रेम' वगैरे म्हणणं मला पटत नाही. बिस्किटाचा पुडा वाजला की शेपटी हलते, त्यात स्वार्थ आहेच. पण कुत्रा पगार विचारत नाही, लग्न का मोडलं विचारत नाही, मागच्या भांडणात काय बोललात ते आज उकरून काढत नाही.

आणि स्पर्श! याबद्दल कोणी बोलतच नाही. आपल्याकडे मूल मोठं झालं की त्याला जवळ घेणं थांबतं. जोडीदार गेल्यावर तर वर्षानुवर्षं कोणाचा हात अंगाला लागत नाही, सणावारी कोणी पाया पडलं तर तेवढाच. ठाण्यात पाचपाखाडीत आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. मुलगा परदेशात, रोज न चुकता व्हिडिओ कॉल करतो. दुपारी काकू जरा आडव्या झाल्या की त्यांची मांजर पोटावर चढते आणि पुढचे पाय आळीपाळीने दाबत बसते. नखं साडीत अडकतात, धागे निघतात. काकू एकेक नख हलकेच सोडवतात, पण तिला उठवत नाहीत. "अगं, अंगावर कोणाचं तरी वजन असलं की झोप लागते," असं एकदा मला म्हणाल्या.

2015 साली जपानी संशोधकांना आढळलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाची माया जुळवणारं हेच ते संप्रेरक.

पण मनाला जास्त लागला तो 2017 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास. विद्यार्थ्यांना मारहाणीची बनावट बातमी वाचायला दिली. मार खाणारा कधी तान्हं बाळ, कधी पिल्लू, कधी मोठा कुत्रा, कधी मोठा माणूस. सगळ्यांत कमी कळवळा आला तो मोठ्या माणसाचा. मोठं माणूस आपलं आपण निभावून नेईल, असं आपण धरूनच चालतो. काकूही मोठं माणूसच. म्हणून तर त्या कशा आहेत हे जिन्यात भेटूनही कोणी विचारत नाही, आणि पहाटे गेटपाशी दोन कुत्र्यांना भात घातला की सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर टोमणे.

कुत्रा चावेल ही लहान मुलांच्या आईवडिलांची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. त्यावर मार्गही आहे. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब अशी खाऊ घालायची जागा आणि वेळ सोसायटीनेच ठरवून द्यायची असते. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय मी मांडणार आहे. आमच्या बिल्डिंगमधले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी कृपया त्या दिवशी हजर राहा, आणि येताना काकूंनाही बरोबर घेऊन या.