नरक म्हणताय, पण कुठला?

बायबलमधल्या नरकाचा विषय निघाला आणि वकिलांनी थेट मुद्द्यालाच हात घातला. "सत्तर वर्षांची पापं आणि शिक्षा कधीच न संपणारी. कुठल्या न्यायात बसतं हे?"

"आधी नरक कुठला ते ठरवा," मास्तर म्हणाले. "हिब्रू 'शेओल' म्हणजे मेलेल्या सगळ्यांचं ठिकाण, सज्जन असो की दुर्जन. ग्रीकमध्ये त्याचाच 'हेडीस'. शिक्षेचा शब्द वेगळा, 'गेहेन्ना'. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने तिन्हींना बऱ्याच ठिकाणी एकच शब्द लावला आणि घोळ वाढला. मराठी बायबल निदान 'अधोलोक' आणि 'नरक' वेगळे ठेवतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात तर अधोलोकच अग्नीच्या सरोवरात टाकला जातो. मग दोन्ही एक कसे?"

"गेहेन्ना म्हणजे यरुशलेमबाहेरचा जळता उकिरडा ना?" अक्कांनी विचारलं.

"प्रवचनात हमखास सांगतात, पण त्याचा लेखी उल्लेख येशूनंतर हजारभर वर्षांनी मिळतो. खरी गोष्ट त्याहून भयंकर आहे. गेहेन्ना हे नाव ज्यावरून आलं, त्या यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात लोक पोटची पोरं आगीत जाळत, यिर्मया ७:३१ काढून बघा. नव्या करारात हा शब्द १२ वेळा येतो, त्यातला ११ वेळा येशूच्याच तोंडी. नव्या करारातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तो एकदाही वापरत नाही. त्यामुळे 'येशू दयाळू, पौल कडक' ही वाटणी मला कधीच पटली नाही."

वकील मूळ प्रश्न सोडायला तयार नव्हते. "मुदतीचं बोला."

"मत्तयाचं शुभवर्तमान, २५:४६. शिक्षा सार्वकालिक, जीवनही सार्वकालिक, ग्रीक विशेषण एकच. चर्चचे जुने विचारवंत ऑगस्टीन यांचा युक्तिवाद हाच, की एकीकडे अनंत धरून दुसरीकडे तात्पुरतं धरता येत नाही."

"पण मत्तय १०:२८ मध्ये आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश म्हटलंय," अक्का म्हणाल्या. "नाशाचा परिणाम कायमचा असू शकतो, यातना कायमच्या असायलाच हव्यात असं नाही." मास्तरांनी हे उडवून लावलं नाही. हा अर्थ मानणारे अभ्यासक आहेत, चर्चच्या मुख्य परंपरेने मात्र तो घेतलेला नाही.

"आणि न्यायाचं म्हणाल," मास्तर वकिलांकडे वळले, "खुनाला मिनिट पुरतं, शिक्षा मिनिटाची नसते. तरी मला ते उत्तर अपुरं वाटतं. कॅथलिक धर्मशिक्षण नरक म्हणजे माणसाने स्वतःहून देवापासून कायमचं तुटणं, असं सांगतं. तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, गरज तिथून कळते. आगीच्या धाकाने फक्त पळापळ होते."

"म्हणजे पुण्य जास्त भरलं की सुटका?"

"नेमकी इथेच गफलत होते. पौलाच्या रोमकरांस पत्रात, ६:२३ मध्ये, मरण हे पापाचं 'वेतन' आणि जीवन हे 'कृपादान'. वेतन कमावतात, दान घेतात. जमाखर्चाची वही तिथे चालतच नाही."

"मग नव्या करारातल्या पत्रात याकोब कृतीवाचून विश्वास मेलेला का म्हणतो?"

"कृती हे फळ आहे, किंमत नव्हे. कृती आणि विश्वासाच्या नात्यावर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये, केवळ विश्वासाने तारण मानणाऱ्या ल्यूथरपंथीयांविरुद्ध ठराव केला. तारण कृपेनेच, एवढं दोन्ही बाजूंनी एकत्र लिहून द्यायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडलं."

वकिलांचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. "ज्यांनी येशूचं नाव कधी ऐकलंच नाही, त्यांचं काय?"

"कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं, स्वतःचा दोष नसताना ज्याला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, माहीत नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो, त्यालाही तारण मिळू शकतं. अनेक इव्हँजेलिकल, म्हणजे येशूवरच्या वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींना हे मान्य नाही. ते रोमकरांस १०:१४ पुढे करतात, ऐकलं नाही तर विश्वास कसा ठेवणार?"

"पण ते वचन तिथे संपत नाही," अक्का म्हणाल्या. "पौल पुढे विचारतो, सांगणारा नसेल तर ऐकणार कसं? तो प्रश्न न ऐकलेल्यांना नाही, ऐकून गप्प बसलेल्यांना आहे."