खुलासा : गिटहबवर तीनच जणांची अट आता नाही

‘गिटहबच्या फुकट खात्यात खासगी रेपोवर तीनच सहकारी घेता येतात, चौथ्यासाठी पैसे भरा’ असा मेसेज फिरतोय. (गिटहब म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायची आणि मिळून लिहायची वेबसाइट; रेपो म्हणजे तिथली एका प्रकल्पाच्या कोडची जागा.) मागच्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे पाठवला, चूक माझी. अट खरी होती, पण जानेवारी २०१९ मध्ये आलेली. १४ एप्रिल २०२० ला ती उठली. काल आमच्या रेपोच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पाचव्या सहकाऱ्याला आमंत्रण धाडलं. त्याने स्वीकारलं, पैसे कुणी मागितले नाहीत.

अडतं ते दुसरीकडे. खासगी रेपोत ‘रिव्ह्यूशिवाय मेन ब्रँचमध्ये मर्ज नाही’ (म्हणजे दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय बदल मुख्य कोडमध्ये मिसळायचा नाही) अशी सक्ती लावायची तर सशुल्क प्लॅन लागतो. सार्वजनिक रेपोत तेही फुकट.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.