आधी कळस, मग सल्लागार

मी कन्सल्टंट आहे. जुने वाडे, संग्रहालयं, सांस्कृतिक संस्था यांना सल्ला देतो म्हटलं की लोक माना डोलावतात. त्याचे पैसे घेतो म्हटलं की हसतात. औसा तालुक्यातल्या एका गावी पारावरच्या आजोबांनी तर सरळच विचारलं, "सल्ल्याचे पैसे? मग आमी सकाळधरनं हितं काय करायलाव?"

त्या गावच्या एका संस्थेला वाड्यात संग्रहालय काढायचं होतं. मी पोचलो तेव्हा कोनशिला तयार होती. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, सतरा नावं, वर उद्घाटनाची तारीख. आत ठेवणार काय, विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "ते तुम्ही सांगा की. उगं बोलावलंय का?"

वेरूळचं कैलास लेणंही राष्ट्रकूटांच्या काळात असंच वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग पाया. फरक एवढाच, तिथं कळसाखाली डोंगर तरी होता.

वाडा माळवदाचा. सागवानी खांब, तुळया, वर हातभर पांढरी माती. बाहेर मे महिना भाजून काढत होता आणि आत घाम आपोआप वाळला. सचिवांना तिथंच फॉल्स सीलिंग, एसी आणि दर्शनी बाजूला निळी काच हवी होती. मी घसा खाकरला. मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत कोंडते, भिंत आतून कुजते. चुन्याचा गिलावा करा, म्हणालो.

"बगा," उपाध्यक्ष बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "सायेब आल्या आल्या चुना लावायलेत."

हशा ओसरल्यावर चहा घेऊन आलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "माळवद नको बाबा." कुणी काही बोललं नाही. किल्लारी याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. माझ्या फायलीतला 'वारसा' हा शब्द मला तेवढा वेळ उच्चारवला नाही.

कोपऱ्यात बसलेला म्हातारा गवंडी उठला. हातोडीच्या दांड्यानं त्यानं भिंतीवर दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, कान लावला. "दोन पदरांमदी नुसता चुरा हाय. जागजागी आरपार दगुड घाला. भिंत हालंल, पर पोट फुटायचं न्हाई. आन् गिलावा चुन्याचाच."

"हे बरोबर बोलला," अध्यक्ष म्हणाले. ठराव झाला.

माझ्या 42 पानी अहवालात पान 31वर हेच होतं, आकृतीसकट. पण अहवालाला हातोडी नव्हती.

मग माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि 'मानधन लवकरच'. मानधनात मान रोख असतो, धन उधार. बिल मात्र मी आधीच देऊन बसलो होतो, म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा 18 टक्के जीएसटी माझ्या खिशातून. बेचाळीस अंशांत ती लोकरी शाल पांघरून मी फोटोत हसतोय.

संध्याकाळी एसटीची वाट बघत टपरीवर उभा होतो. गवंडी आला, दिवसाचे पैसे मोजून बंडीच्या खिशात घातले.

"तुमची हजेरी किती वो सायेब?"

मी आकडा सांगितला. त्यानं शालीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं.

"आन् दिली?"

"अजून नाही."

त्यानं टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. मी खिशात हात घालायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमचं निघायचंय अजून."