यंत्र लावण्याआधी
मी जर्मनीतल्या एका हृदयरोग अतिदक्षता विभागात काम करतो आणि मायदेशातल्या डॉक्टर मित्रांकडून फोनवर एकच वाद पुन्हा पुन्हा ऐकतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेला रुग्ण एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळून पुन्हा आत ढकलणारे यंत्र, वेळेत मिळाले नाही म्हणून दगावतो, असे काही जण म्हणतात. इतरांच्या मते ही यंत्रे मरण फक्त लांबवतात आणि घरच्यांना कर्जात बुडवतात. कळकळ दोन्हीकडे आहे, पण यंत्राच्या या वादात रुग्ण बाजूला राहतो.

इकडे यंत्रांची वानवा नाही, तरी अनुभव नम्र करणारा आहे. महाधमनीत ठोक्याच्या तालावर फुगून-आकसून हृदयाला मदत करणारा बलून पंप वर्षानुवर्षे जवळजवळ सवयीने लावला जाई. २०१२ साली ६०० रुग्णांच्या जर्मन चाचणीत त्याने तीस दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट लवकर एक्मो लावूनही जवळपास निम्मे रुग्ण गेले, न लावलेल्यांतही तितकेच, आणि रक्तस्राव मात्र वाढला. पुढच्याच वर्षी डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या चाचणीत हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त उपसून महाधमनीत सोडणाऱ्या इम्पेला पंपाने १८० दिवसांतले मृत्यूचे प्रमाण ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आणले. हा आकडा सांगताना एक गोष्ट हमखास गळते : हृदय बंद पडल्यानंतर बेशुद्धच राहिलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. माझ्या मते त्या यशात पंपाइतकाच वाटा रुग्णांच्या निवडीचा आहे.

निवड चुकली की काय होते, ते खाटेशेजारी दिसते. एक्मो जांघेतल्या धमनीतून रक्त उलट्या दिशेने वर ढकलते. थकलेल्या डाव्या कप्प्याला त्या दाबाविरुद्ध झडप उघडता आली नाही, तर मॉनिटरवरची धमनीची लाट चपटी होत जवळजवळ सरळ रेष बनते, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीची झडप मिटलेली दिसते आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. कधी नळी घातलेला पाय पांढरा पडतो, आणि परिचारिका घोट्याजवळ रक्तप्रवाह ऐकवणारे डॉप्लर यंत्र टेकवून आवाजाची वाट पाहत उभी असते. म्हणून बिघाड डाव्या बाजूचा की दोन्ही बाजूंचा, फुप्फुसे प्राणवायू घेत आहेत का, रक्तातले लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडल्याची खूण) किती तासांपासून चढते आहे, हे आधी ठरवावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न पुढच्या वाटेचा. हृदय सावरेल, प्रत्यारोपण होऊ शकेल, कायमचा पंप बसवता येईल, की यांपैकी काहीच नाही? नळी घालण्यापूर्वी आम्ही हे नातेवाइकांशी बोलतो आणि यंत्र कोणत्या परिस्थितीत काढायचे तेही सांगतो. हे बोलणे मला आजही जड जाते. पण ते टाळले, तर पाचव्या दिवशी तेच बोलणे यंत्राच्या घरघरीत, आशा लावून बसलेल्या मुलासमोर करावे लागते.

परवा एका मित्राने विचारले, त्यांच्या विभागात पहिले यंत्र कोणते घ्यावे. मी म्हणालो, आधी रात्री दोन वाजताही इको करणारा माणूस हवा आणि हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक व अतिदक्षता डॉक्टर यांना एकाच फोनवर जोडून दहा मिनिटांत निर्णय घेण्याची सोय हवी. त्याला हे उत्तर आवडले नाही. आमचे बोलणे अजून चालू आहे.